निम्मी कर्जखते

नोकरी गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात गीता फार ऐकावी लागते. भेटायला आलेला मेहुणा, सोसायटीतले निवृत्त काका, जुन्या ऑफिसातला अजून नोकरीत असलेला मित्र, सगळे एकच सांगतात: आपण कर्म करत राहावे, फळ आपल्या हातात नसते. चहा संपेपर्यंत दुसरा सल्लाही येतो. ‘नाहीतरी किती दिवस दुसऱ्याची चाकरी करणार? स्वतःचं काहीतरी सुरू कर.’ दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात. पण ते एकाच बैठकीत दिले जातात, त्यामुळे त्यांचे एकमेकांशी जमत नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पगारदाराला फळाचा विचार न करता काम करणे तसे परवडते, कारण एक तारखेला फळ आपोआप खात्यात जमा होते. दुकान टाकलेल्या माणसाने मात्र रात्री शटर ओढण्याआधी गल्ला मोजला नाही, तर चौथ्या महिन्यात शटर उघडायला कारण उरत नाही.

मग फळाची आशा सोडून धंदा करता येतो का? आणि येत असेल, तर गल्ला कोणी मोजायचा?

हा प्रश्न प्रवचनात सहसा निघत नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी तो रोज निघतो, फक्त त्याला तिथे कोणी अध्यात्म म्हणत नाही.

नोकरीबरोबर पगाराखेरीज बरेच काही जाते. सकाळी साडेआठला निघायचे कारण जाते. गळ्यातली ओळखपत्राची पट्टी परत करावी लागते. लग्नकार्यात ‘सध्या कुठे?’ असे कोणी विचारले की उत्तर देण्याआधी माणूस इकडेतिकडे बघतो. काही जण तर महिना-दीड महिना घरी सांगतच नाहीत. डबा घेऊन निघतात, दिवस वाचनालयात काढतात आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परततात. अशा माणसापुढे ‘ज्याचे त्याचे कर्म’ हे शब्द निघाले की सांत्वनाचा आरोप होतो. पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपनीचा एखादा विभाग बंद करण्याचा निर्णय सात समुद्रांपलीकडच्या बैठकीत होतो, त्या बैठकीत या माणसाचे नावही कोणी घेतलेले नसते. तरी इकडे त्याने आपले गेल्या जन्मापासूनचे हिशेब तपासावेत अशी अपेक्षा असते. कर्माचा सिद्धान्त माणसाला पुढच्या कृतीची जबाबदारी देण्यासाठी वापरला तर ठीक. मागचा दोष त्याच्या माथी मारण्यासाठी वापरला तर तो निव्वळ दुष्टपणा होतो, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही.

फलत्यागाची नीट बाजू ऐकायची तर धुळ्याच्या तुरुंगात जावे लागते. १९३२ साली विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोर बसलेले सत्याग्रही कैदी होते. पगार नाही, बढती नाही, कोणाची सुटका कधी याचाही भरवसा नाही. त्यांच्यापुढे विनोबांनी जो मुद्दा मांडला तो कारागिराला चटकन पटावा असा आहे. फळावर डोळा असला की चित्त दुभंगते, निम्मे कामात आणि निम्मे मोबदल्यात. फळ सोडणाऱ्याचे अख्खे चित्त कामात असते, म्हणून त्याचे काम जास्त चांगले होते. फलत्याग म्हणजे बेफिकिरी नव्हे, उलट कामाकडे जास्त बारकाईने पाहणे. ही गोष्ट कोणत्याही बऱ्या दुकानात बसून पडताळता येते. गिऱ्हाईक बोलत असताना ज्याची नजर गल्ल्यावर असते, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

इथवर सरळ आहे. अडचण पुढे आहे. आपल्या वाट्याच्या फळावर पाणी सोडायचा अधिकार आपल्याला असेल, पण दुकानात लावलेले पैसे फक्त आपले कुठे असतात? त्यात बायकोचे दागिने असतात, वडिलांची मुदतठेव असते, मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी बाजूला काढलेली रक्कम असते. त्यांच्या फळाचे काय?

याचे उत्तर महाराष्ट्राला सर्वांत जवळच्या एका वाण्याच्या चरित्रात आहे, पण ते तिथून कोणी फारसे काढत नाही. तुकोबांना आपण देव्हाऱ्यात बसवले, त्यामुळे त्यांच्या दुकानाचा आपल्याला विसर पडतो. देहूच्या बाजारपेठेची महाजनकी त्यांच्या घराण्यात होती. वाण्याचा व्यवसाय, शेती, सावकारी असा पसारा होता. आई-वडील गेले, थोरली भावजय गेली, थोरला भाऊ सावजी तीर्थयात्रेला निघून गेला आणि पसारा तरुण तुकोबांच्या अंगावर आला. त्यात १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, ज्याने दख्खन आणि गुजरात दोन्ही ओस पाडले. धंदा बुडाला, दिवाळे निघाले, पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आपल्या आयुष्याविषयी लिहिताना तुकोबांनी हे काही लपवलेले नाही. बायको उपाशी मेली, व्यवसायात तूट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. दिवाळखोराची लाज इतक्या सरळपणे लिहिणारा दुसरा मराठी कवी सापडणे कठीण.

पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. चित्रात, कीर्तनात, सिनेमात हा प्रसंग येतो आणि प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. पण महिपतीने अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात आणि एकूण परंपरेतच त्या प्रसंगाला आणखी एक पदर आहे. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची निम्मी खते आधी वेगळी काढून त्याच्या हवाली केली, आणि पाण्यात गेली ती उरलेली, आपल्या वाट्याची. कान्होबाला वसुली करायची असेल तर त्याने खुशाल करावी. विरक्ती झाली होती ती तुकोबांना, कान्होबाला नव्हे.

फलत्यागाची अख्खी मेख या वाटणीत आहे. नदीकाठच्या प्रसंगापेक्षा त्याआधी घरात बसून झालेली ही कागदांची वाटणी जास्त अवघड असणार. कोणाचे देणे कोणाच्या वाट्याला, कोणते कूळ दुष्काळात मेले, कोणते परत देईल, हे सगळे बघावे लागले असेल. ज्याला सगळे सोडून द्यायचे आहे त्याने दुसऱ्यासाठी तेवढा वेळ कागदांत डोके घालणे, याला वैराग्याची पहिली परीक्षा म्हणायला हरकत नाही.

परंपरा तेवढ्यावर थांबत नाही, आणि दुसऱ्या गोष्टीत तुकोबा इतके सहज सुटत नाहीत. महिपतीच्या चरित्रात असे येते की धंदा बुडाल्यावर दुसरी बायको जिजाई हिने स्वतःच्या नावावर दोनशे रुपयांचे कर्ज काढले आणि नवऱ्याला पुन्हा व्यापाराला धाडले. या खेपेला नफाही झाला. पण परतताना वाटेत एक नाडलेला माणूस भेटला आणि तुकोबांनी भांडवल-नफ्यासकट सगळे त्याला देऊन टाकले. कीर्तनकार इथे तुकोबांच्या करुणेचे वर्णन करतात आणि जिजाईच्या तोंडाळपणावर श्रोत्यांना हसवतात. हसण्यासारखे त्यात काय आहे? खतावर सही तिची होती. सावकार दारात येणार तो तिच्या. भावाच्या बाबतीत पाळलेली रेघ बायकोच्या बाबतीत पुसली गेली. संतचरित्राने हे लपवले नाही, हा त्याचा मोठेपणा. आपण ते विनोद म्हणून ऐकतो, हा आपला आळस.

इस्लामी व्यापारशास्त्रात मुदारबा नावाची भागीदारी आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरल्याप्रमाणे वाटायचा, आणि काम करणाऱ्याचा हलगर्जीपणा नसेल तर तोटा भांडवल देणाऱ्याने सोसायचा. दुसऱ्याची मेहनत वाया गेली, तो त्याचा तोटा. व्यापार करणाऱ्या समाजांना हा प्रश्न फार लवकर पडलेला दिसतो: बुडाले तर कोणाचे बुडाले, हे निघायच्या आधी ठरले आहे का? मराठी घरात सहसा ठरलेले नसते. नवरा-बायकोत हिशेब काढणे आपल्याला अभद्र वाटते.

मुंबईच्या गिरणगावात मात्र हा हिशेब रोज निघत असे, आणि तो खानावळवाली ठेवत असे. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा-पंधरा जणांपैकी एक असायचा, जेवायला खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे, चाळीतल्याच कोणाचा तरी दहा बाय दहाचा संसार. बाई पहाटे उठणार, पहिल्या पाळीच्या आधी भाकऱ्या थापणार, दुसऱ्या पाळीवाल्यांचे ताट झाकून ठेवणार, रात्रपाळीच्या माणसासाठी पुन्हा स्टोव्ह पेटवणार. कामगार पैसे देणार पगार झाला की, म्हणजे महिन्याने. तोवर ज्वारी-तांदूळ-तेल वाण्याकडून उधारीवर, आणि वाण्याची उधारी फुकट नसते. वीस-पंचवीस माणसांच्या महिनाभराच्या जेवणाची जोखीम एका बाईच्या अंगावर, आणि तिचे स्वतःचे भांडवल म्हणाल तर परात, तवा आणि नाक्यावरच्या वाण्याकडची पत.

गिरण्या संपावर गेल्या की कामगारांचा पगार बंद होई, पण पोट चालूच राही. सत्तरच्या दशकातल्या संपांत या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले आणि त्यापायी स्वतः कर्जात रुतल्या. कम्युनिस्ट चळवळीतल्या आणि मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळवाल्यांचे गट करायचे, गटाने एकमेकींची हमी घ्यायची आणि त्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवायचे. ज्या बाईला बँकेच्या दारातला शिपाई आत सोडत नव्हता, तिच्या नावावर खाते निघाले.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही, असे आजही म्हणतात. लाखाहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेली. कोणी गावी परतले, कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीची हातगाडी लावली, कोणी वडापावची. आणि हजारो घरांत पहिल्यांदाच बाईची कमाई ही घराची मुख्य कमाई झाली. चाळीस वर्षांच्या नवऱ्याचे काय झाले, यावर नाटके आली, पुस्तके आली, आणि ती यायलाच हवी होती. त्याच घरात पोळ्या लाटून जिने हप्ते भरले, तिच्या मनात कर्म आणि फळ यांचा काय संवाद चालला होता, ते कोणी फारसे विचारले नाही. संपकऱ्याला उधारीवर वाढणारी बाई वहीत नाव लिहून ठेवायची, मागणे सोडायची नाही, आणि तरी ताट थांबवायची नाही. निष्काम कर्माचा आदर्श दाखवायचा म्हणून तिला देवी करायचे कारण नाही. ती दमलेली होती, कर्जात होती आणि बऱ्याचदा चिडलेलीही होती. पण फळाचा हिशेब आणि फळाचा हव्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या वहीत जितके स्पष्ट दिसते तितके भाष्यांत दिसत नाही.

बुद्धाने हा हिशेब आकड्यांत सांगितला आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करत असतो. बुद्ध त्याला सांगतात की दिशा म्हणजे आई-वडील, गुरू, बायको-मुले, मित्र, नोकर-कामकरी आणि श्रमण-ब्राह्मण. आणि त्याच उपदेशात मिळकतीची वाटणी येते. चार भाग करावेत: एक उपभोगाला, दोन धंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. निर्वाणाची वाट दाखवणारा माणूस गृहस्थाला बचतीचे प्रमाण सांगतो, यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. वस्तुतः हा उपदेश नेहमीच्या मिळकतीबद्दलचा आहे, नोकरी गेल्यावर हातात पडलेल्या रकमेबद्दलचा नाही. पण चौथ्या भागाला हात न लावण्याची अट तिथेही तेवढीच लागू पडावी. प्रत्यक्षात होते ते उलटे. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कंपनीने निरोपादाखल दिलेले तीन महिन्यांचे पैसे, सगळे पहिल्याच झटक्यात गाळ्याच्या पागडीत, फर्निचरमध्ये आणि पाटीत जाते. पाटी तर फारच मोठी असते. गेलेल्या पदाची भरपाई करण्याची ताकद पाटीत असते, अशी बहुधा समजूत असावी.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा कोणी पोळी-भाजी केंद्र काढले. ऐंशी रुपयांचा डबा, रोज पन्नास डबे, म्हणजे चार हजारांची विक्री. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर लाखाच्या वर आकडा जातो आणि माणूस हुरळतो. त्यातून कणीक, भाजी, तेल, गॅसची टाकी, भाडे, डबे पोहोचवणारा मुलगा, वाया गेलेले अन्न, न आलेले पैसे, हे सगळे वजा करून पंचवीस-तीस हजार उरले असे म्हणू. हा ‘नफा’ वहीत लिहिला जातो. पण पहाटे साडेचारला उठून दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बायकोची मजुरी त्या वहीत कुठेच नसते. बाहेरची बाई ठेवली असती तर तिला बारा-पंधरा हजार द्यावे लागले असते. ते लिहिले की नफा निम्म्यावर येतो आणि मग प्रश्न धंदा चालतो की नाही असा राहत नाही. कोणाच्या जिवावर चालतो, असा होतो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत सर्वांत लहान कर्ज ‘शिशु’ नावाचे, पन्नास हजारांपर्यंतचे. अशी कर्जे मोठ्या प्रमाणात बायकांच्या नावावर निघतात. त्यातला धंदा किती ठिकाणी तिचा असतो आणि किती ठिकाणी फक्त सही तिची असते, हे ज्याने त्याने आपल्या शेजारीपाजारी बघून ठरवावे. जिजाईचे दोनशे रुपये अजून फिटलेले दिसत नाहीत.

असल्या लेखात मराठी माणसाला उभारी द्यायला किर्लोस्कर यावे लागतात, तेव्हा येऊ द्यावेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणरावांना हक्काची बढती नाकारली गेली, ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, आणि ते नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या धंद्यात गेले. पुढे लोखंडी नांगर, १९१०ला किर्लोस्करवाडी. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. फक्त ती सांगताना बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा होते, हे गाळले जाते. सायकलचे दुकान दोघा भावांचे होते.

आणि ज्याच्या पाठीशी बाजारच उभा राहत नाही, त्याचे काय? सप्टेंबर १९१७मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी म्हणून एका पारशी वसतिगृहात उतरावे लागले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. दिवस एका सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. नोकरी संपली. मुंबईत शिकवण्या केल्या, आणि मग शेअर बाजारात गुंतवणुकीचा सल्ला देणारी एक छोटी संस्था काढली. अर्थशास्त्राचे असे शिक्षण घेतलेला सल्लागार त्या काळात शहरात किती असतील? गिऱ्हाइके येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती यायची थांबली, आणि संस्था बंद पडली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती, गोरक्षण आणि व्यापार हे वैश्याचे स्वभावातून आलेले कर्म म्हटले आहे. ‘स्वतःचं काहीतरी सुरू कर’ म्हणणाऱ्याने हे पान उघडून आंबेडकरांच्या मुंबईतल्या त्या कचेरीत नेऊन बघावे. इथे कर्मात कसूर नव्हती, चित्तही दुभंगलेले नव्हते. फळ अडले ते गिऱ्हाइकाच्या डोक्यातल्या जातीपाशी. आजही भाड्याचा गाळा, पहिली उधारी आणि तोंडी शिफारस या तीन गोष्टी कोणाला किती सहज मिळतात, याचा आडनावाशी संबंध नाही असे म्हणणाऱ्याने एकदा स्वतः दुसऱ्या आडनावाने गाळा शोधून बघावा. तेव्हा बुडालेल्या धंद्याचा दोष माणसाच्या निष्ठेत शोधणे हे नोकरी गेलेल्याला प्रारब्ध ऐकवण्याइतकेच चुकीचे आहे.

आंबेडकरांनी यानंतर दुसरे दुकान काढले नाही. नोव्हेंबर १९१८मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून नोकरीला लागले. धंदा बुडाल्यावर पुन्हा नोकरी धरली म्हणून हार मानली, असे त्यांच्या बाबतीत म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. हिंजवडीतल्या अभियंत्याच्या बाबतीत मात्र नातेवाईक सर्रास म्हणतात. सिडनहॅमच्या पगारातून काटकसरीने पैसे मागे टाकून १९२० साली ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. त्यात शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयेही होते. ते कर्ज म्हणून घेतलेले होते.